जुनाट जखमांसाठी अळ्यांचा उपचार आपल्याकडेही मिळायला हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाच्या सुमारास दरवर्षी वर्तमानपत्रांतून रक्तातील साखर, आहार आणि चालण्याचा व्यायाम यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिले जायलाच हवे. परंतु ज्यांच्या पायाला आधीच जखम झाली आहे आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही, अशा रुग्णांच्या वाट्याला त्या मजकुरातल्या फारच थोड्या ओळी येतात. मी शासकीय रुग्णालयाच्या शल्यविभागात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले. नोकरीचा बराच काळ अशाच जखमांचे ड्रेसिंग करण्यात गेला. त्या अनुभवावरून मी आज एका उपचाराविषयी लिहिते आहे. त्याचे नाव ऐकताच बहुतेक लोक तोंड फिरवतात, तरीही तो आपल्या रुग्णांना उपलब्ध व्हावा असे मला मनापासून वाटते. प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या माशीच्या अळ्या जखमेवर ठरावीक काळ ठेवून त्यांच्याकडून जखमेतला मेलेला भाग साफ करून घेणे, हा तो उपचार.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी ज्यांना कळत नाही, अशा माणसांना तळव्यात रुतलेला खडा किंवा काटा कसा कळणार? त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर साधा फोडही चिघळतो. जखमेच्या तळाशी काळा किंवा पिवळसर, चिकट, मेलेला थर साचतो, त्यात जिवाणू आपले पातळ आवरण तयार करून बसतात आणि त्या आवरणापर्यंत ना रक्तातले प्रतिजैविक नीट पोहोचते, ना वरून लावलेले मलम. हा थर निघाल्याखेरीज खालचे मांस भरून येत नाही. तो काढण्याच्या क्रियेला डिब्राइडमेंट म्हणतात, आणि ती करण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे अनुभवी शल्यचिकित्सकाने धारदार शस्त्राने सडलेला भाग कापून किंवा खरवडून काढणे. त्याला माझा कसलाही विरोध नाही. कुशल हात आणि योग्य वेळ यांचा मेळ बसला, तर त्याहून जलद काही नाही.

प्रश्न असा आहे, की हा मेळ किती जणांच्या बाबतीत बसतो. तालुक्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक रोज असतोच असे नाही. रुग्ण वयस्कर असतो, हृदय आणि मूत्रपिंडे थकलेली असतात, भूलतज्ज्ञ धोका पत्करायला तयार नसतो, आणि ते योग्यही असते. जिल्ह्याच्या रुग्णालयात पुन्हा पुन्हा यायचे तर सोबतच्या मुलाची किंवा सुनेची मजुरी बुडते. मग घरच्या घरी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणे सुरू होते, कोणी हळद भरते, कोणी आणखी काही. वॉर्डात आम्हीही मध, पपईचा गर, निरनिराळी द्रावणे वापरून तो थर सोडवण्याचा प्रयत्न करत असू. काहींना त्याचा उपयोग होई, काहींचा तोच पिवळा थर दर ड्रेसिंगला आमच्याकडे बघत राही. दरम्यान जखम बोटावरून पावलावर आणि पावलावरून घोट्यावर जाते, आणि शेवटी पाय कापण्याच्या संमतिपत्रावर अंगठा घेतला जातो. यांतल्या प्रत्येकाचा पाय अळ्यांनी वाचला असता असा माझा दावा मुळीच नाही. जखम साफ करण्याचा आणखी एक मार्ग हाताशी असता, तर काही जणांची गोष्ट वेगळी झाली असती, एवढेच मला म्हणायचे आहे.

या उपचारात मुख्यतः ल्युसिलिया सेरिकाटा नावाच्या हिरव्या, चमकदार माशीच्या अळ्या वापरतात. तिची अंडी जंतुनाशकाने स्वच्छ करून निर्जंतुक अन्नावर उबवतात आणि अळ्या एक-दोन मिलिमीटरच्या असतानाच रुग्णालयाकडे पाठवतात. जखमेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे साधारण पाच ते दहा अळ्या ठेवल्या जातात. एक तर त्या मोकळ्या सोडून वरून बारीक जाळी चिकटवतात, किंवा चहाच्या पिशवीसारख्या जाळीदार पिशवीत बंद करून ती पिशवीच जखमेवर ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत अळी रुग्णाच्या अंगावर मोकळी फिरत नाही, हा मोठाच मानसिक दिलासा आहे. दोन ते तीन दिवसांनी, पिशवी असेल तर चार दिवसांपर्यंत, त्या काढून टाकतात. तोवर त्या एक सेंटिमीटरच्या आसपास वाढलेल्या असतात. गरज पडली तर नव्या अळ्या लावून तोच क्रम पुन्हा करतात.

अळी मांसाचे लचके तोडते, ही समजूत चुकीची आहे. ती आपल्या तोंडावाटे प्रथिने विरघळवणारी पाचक द्रव्ये बाहेर सोडते. मेलेला भाग त्यात विरघळून पातळ होतो आणि ते पातळ द्रव्य ती शोषून घेते. या जातीच्या नीट निवडलेल्या अळ्यांची पाचक द्रव्ये निरोगी, जिवंत मांसावर फारशी चालत नाहीत, म्हणून मेलेले आणि जिवंत यांच्यातली सीमा त्या ज्या बारकाईने पाळतात, तितकी ती कात्रीने पाळणे कठीण जाते. शोषलेल्या द्रव्यासोबत जिवाणूही त्यांच्या पोटात जातात आणि त्यातले बहुतेक तेथेच मरतात. त्यांच्या स्रावात जिवाणूंना मारणारी द्रव्येही असतात. त्यांपैकी ल्युसिफेन्सिन नावाचे एक प्रथिन २०१० मध्ये वेगळे करून ओळखले गेले. मात्र सर्वच जिवाणूंवर हा परिणाम सारखा होत नाही. हिरवट पू आणणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूंपुढे अळ्या कमी पडतात आणि अशा वेळी प्रतिजैविकांची जोड द्यावीच लागते.

ही गोष्ट कोणा एकाला एकाएकी सुचलेली नाही. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे याने इजिप्त आणि सीरियाच्या मोहिमेत सैनिकांच्या जखमांतल्या अळ्या फक्त सडलेला भाग खातात, हे पाहिले होते. अमेरिकेतील यादवी युद्धात जॉन झकारियस या डॉक्टरने त्या मुद्दाम वापरल्या. परंतु आजच्या उपचाराचा पाया घातला तो विल्यम बेअर या अस्थिशल्यचिकित्सकाने. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, मांडीचे हाड मोडलेले आणि पोटाला मोठ्या जखमा झालेले दोन सैनिक त्याच्यापुढे आणले गेले. ते सात दिवस अन्नपाण्यावाचून रणभूमीवर पडून होते. त्यांना तापही नव्हता आणि रक्तदोषाची लक्षणेही नव्हती. कपडे काढल्यावर जखमांत हजारो अळ्या दिसल्या, आणि त्या धुऊन काढल्यावर खाली गुलाबी, भरत आलेले मांस दिसले. त्या काळी अशा मोडलेल्या मांडीचे बहुसंख्य सैनिक दगावत असत. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरमध्ये बेअरने हाडाच्या जुनाट संसर्गाने पीडित मुलांवर हा उपचार केला आणि त्यात त्याला उत्तम यश आले. मात्र काही रुग्णांना धनुर्वाताची लागण झाली, तेव्हा साध्या अळ्या चालणार नाहीत, त्या निर्जंतुकच हव्यात, हा धडा त्याने घेतला. १९३१ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्या दशकात अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक रुग्णालयांत अळ्या वापरल्या जात होत्या. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि हा सगळा व्यवहार जवळजवळ थांबला.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाचा उपचार सांगताना पावटे, पेंड, कुळीथ आणि मांस दह्यात कालवून लेप द्यावा, म्हणजे माशा बसून तेथे कृमी होतील, आणि कृमींनी बरेचसे खाल्ल्यावर उरलेला भाग खरवडून डागावा, असे वर्णन आहे. ते गाठीविषयी आहे, न भरणाऱ्या जखमेविषयी नाही. त्यामुळे हे सारे आमच्याकडे आधीपासूनच होते, असे म्हणण्यासाठी मी त्याचा उल्लेख करत नाही. कृमी सडके मांस खातात या निरीक्षणाचा उपचारासाठी उपयोग करण्यात आपल्या वैद्यांना संकोच वाटला नव्हता, इतकेच त्यातून दिसते. जळू लावून अशुद्ध रक्त काढण्याचा उपचार तर आयुर्वेद रुग्णालयांत आजही होतो, आणि त्यासाठी रुग्ण रांगेत बसतात.

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढू लागले, तेव्हा जुन्या उपचाराकडे पुन्हा लक्ष गेले. १९८९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डॉ. रोनाल्ड शर्मन यांनी निर्जंतुक अळ्या वाढवून अभ्यास सुरू केला. १९९५ मध्ये वेल्समधील ब्रिजेंड येथे अळ्या पुरवणारे केंद्र उभे राहिले. २००४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या अळ्या वापरण्यास मान्यता दिली, आणि त्याच वर्षापासून ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेतले डॉक्टर त्या चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. मलेशियात ल्युसिलिया क्युप्रिना या उष्ण प्रदेशातल्या बहीण-जातीच्या अळ्यांनी मधुमेही पायांवर उपचार झाले आहेत. ती माशी भारतातही आढळते.

पुराव्यांविषयी मात्र अतिशयोक्ती करून चालणार नाही; समाजमाध्यमांवर अशा विषयांत चमत्काराच्या कथा फार लवकर पसरतात. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पायाच्या शिरांच्या जुनाट जखमा असलेल्या २६७ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. मोकळ्या अळ्यांनी जखम साफ होण्यास साधारण १४ दिवस लागले, पिशवीतल्या अळ्यांनी २८ आणि हायड्रोजेल या नेहमीच्या उपचाराने ७२ दिवस. म्हणजे साफसफाईत अळ्या स्पष्टपणे पुढे होत्या. परंतु जखम पूर्ण भरून येण्याच्या काळात फरक पडला नाही आणि अळ्या लावलेल्यांना वेदना अधिक झाल्या. शर्मन यांच्या २००३ मधील मधुमेही पायांवरच्या अभ्यासात पाच आठवडे नेहमीचे उपचार करूनही जखमांच्या ३३ टक्के पृष्ठभागावर मेलेला थर शिल्लक होता, तर अळ्यांनी चार आठवड्यांत जखमा पूर्ण साफ झाल्या. मात्र त्या अभ्यासात अवघे १८ रुग्ण होते. मधुमेही पायांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना तर प्रमाणित उपचाराऐवजी अळ्या वापरू नयेत, असेच सांगतात.

ही शेवटची सूचना मी पूर्णपणे मानते. शस्त्राने साफसफाई शक्य असेल, तिथे तीच आधी व्हावी. पण त्या सूचनेत गृहीत धरलेला प्रमाणित उपचार म्हणजे कुशल शल्यचिकित्सक, पायावरचा भार काढून घेणारी पादत्राणे किंवा प्लास्टर, रक्तप्रवाहाची तपासणी आणि साखरेवर नियंत्रण. त्यातली पहिलीच गोष्ट ज्यांना मिळत नाही किंवा शस्त्रक्रिया ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी काय, हा माझा प्रश्न आहे. प्रशिक्षित परिचारिका वॉर्डातल्या खाटेवर, भूल न देता अळ्या लावू शकते. जखम साफ होण्याचे काम कमी दिवसांत होत असेल, तर त्या रुग्णाच्या दृष्टीने ते थोडे नाही.

आता किळसेविषयी. मराठी माणसाच्या मनात जखमेतली अळी म्हणजे दुर्लक्षाची खूण असते. 'किडे पडतील' हा आपल्याकडे शाप आहे. भर पावसात गटाराकडेला पडलेल्या, अंगावर अळ्या वळवळणाऱ्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून बाबा आमटे प्रथम घाबरून निघून गेले होते, हे त्यांनीच सांगितलेले आपण सर्वांनी वाचले आहे. शेतकऱ्याला तर गुराच्या जखमेत आसडी पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. टर्पेंटाइनचा बोळा घालून त्या अळ्या बाहेर काढताना त्याने स्वतः पाहिलेले असते. ही भीती अडाणीपणाची नाही. गुरांच्या आणि कधी माणसांच्याही जखमांत पडणाऱ्या अळ्यांपैकी क्रायसोमिया बेझियाना या माशीची अळी जिवंत मांसच खाते आणि आत पोखरत जाते. म्हणून मी हे अगदी स्पष्ट लिहिते, की घरात किंवा गोठ्यात जखमेवर माशा बसू देणे हा उपचार नव्हे. ते जिवावर बेतू शकते. अशी जखम दिसली, तर रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आमच्या वॉर्डातही अशा दुर्लक्षित जखमा घेऊन रुग्ण येत. अळ्या चिमट्याने एकेक काढून, जखम धुऊन आम्ही तळ पाहत असू, तेव्हा काहींच्या जखमा खोलवर पोखरलेल्या असत आणि काहींच्या तळाशी मात्र स्वच्छ, लालसर मांस दिसे. ते पाहून ज्येष्ठ सिस्टर अस्वस्थपणे गप्प राहत. त्या फरकाचे कारण माशीच्या जातीत असू शकते, हे तेव्हा आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

उपचार कोणाला देऊ नये, हेही ठरलेले आहे. मोठ्या रक्तवाहिनीजवळची जखम, पोटाच्या किंवा छातीच्या पोकळीत उघडणारी जखम, रक्त पातळ करणारी औषधे घेणारा किंवा रक्तस्रावाचा विकार असलेला रुग्ण, वेगाने पसरत जाणारा संसर्ग, अशा ठिकाणी अळ्या टाळतात किंवा फार सावधगिरीने वापरतात. कोरड्या, काळ्या खपलीवर त्या जगतच नाहीत, कारण त्यांना ओलावा लागतो. ज्या पायाला रक्तच पोहोचत नाही, त्या पायाचा रक्तपुरवठा आधी सुधारावा लागतो. जखमेभोवतीच्या चांगल्या त्वचेला पाचक द्रव्यांचा त्रास होऊ नये म्हणून तिच्यावर संरक्षक पट्टी किंवा झिंकचे मलम लावावे लागते. ड्रेसिंग हवा खेळती ठेवणारे असावे लागते, नाहीतर अळ्या गुदमरतात. वेदनाशामक आधीपासून तयार ठेवावे लागते, आणि काढलेल्या अळ्या इतर जैववैद्यकीय कचऱ्यासारख्या पिवळ्या पिशवीतच जाव्या लागतात.

रुग्ण विचारतील ते प्रश्नही मला माहीत आहेत. अळ्या शरीरात शिरतील का? तिथेच पिल्ले घालतील का? अळी अंडी घालू शकत नाही. अंडी माशी घालते, आणि माशी होण्यासाठी अळीला जखम सोडून कोरड्या जागी जाऊन कोश करावा लागतो. म्हणूनच पोट भरल्यावर ती स्वतःच बाहेर पडू पाहते. हे शांतपणे, रुग्णाच्या भाषेत समजावले आणि पिशवीतल्या अळ्यांचा पर्याय दाखवला, तर पाय गमावण्याच्या उंबरठ्यावरचा माणूस ऐकून घेतो, असा माझा विश्वास आहे. ज्याला नको असेल, त्याचा नकार अर्थातच मानला जावा.

खरी अडचण पुरवठ्याची आहे. जिवंत अळी औषधाच्या गोळीसारखी साठवता येत नाही. केंद्रातून निघाल्यापासून एखाद्या दिवसात ती जखमेवर पोहोचावी लागते. त्यामुळे परदेशातून मागवून हा उपचार सर्वसामान्यांपर्यंत जाणार नाही, अळ्या इथेच वाढवाव्या लागतील. आणि कीटक वाढवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. उसावरच्या खोडकिडीसाठी शेतकरी जी ट्रायकोकार्डे वापरतात, त्यावरचे मित्रकीटक आपल्याकडच्याच प्रयोगशाळांत वाढवले जातात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्राचे जाणकार आहेत. परळच्या हाफकिन संस्थेला सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या निर्मितीचा, म्हणजे सजीवापासून औषध तयार करून त्याची शुद्धता राखण्याचा, दीर्घ अनुभव आहे. एखादे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एक कृषी विद्यापीठ आणि हाफकिन यांनी एकत्र येऊन एक लहान निर्जंतुक अळीकेंद्र सुरू करणे, त्याआधी माशीच्या जातीची नेमकी ओळख पटवणे, आणि नीतिसमितीच्या परवानगीने एका रुग्णालयात नियंत्रित अभ्यास करणे, हे आवाक्याबाहेरचे काम नाही. अळ्यांना औषध मानायचे की वैद्यकीय साधन, हा प्रश्न इतर देशांनाही सोडवावा लागला. अमेरिकेने त्यांना साधन मानले, ब्रिटनने औषध. आपल्या नियामकांनीही तो निर्णय घ्यावा, म्हणजे कोणी चोरून किंवा अर्धवट ज्ञानावर हा उद्योग करणार नाही.

यात परिचारिकांना सुरुवातीपासून सामील करून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अळ्या मोजून लावणे, दर पाळीला ड्रेसिंग तपासणे, रुग्णाला धीर देणे आणि सगळ्या अळ्या निघाल्याची खात्री करणे हे काम त्यांच्याच हातून होणार आहे. जखमांच्या काळजीचे स्वतंत्र प्रशिक्षण आज आपल्या परिचर्या अभ्यासक्रमात जेवढे मिळते, ते कमी पडते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांच्या तळव्यांवरच्या जखमाही याच जातीच्या असतात. त्यांची निगा राखणाऱ्या संस्थांतील कार्यकर्त्यांचे ज्ञान या प्रशिक्षणात घ्यावे.

ज्या शल्यचिकित्सकांनी, मधुमेहतज्ज्ञांनी किंवा कीटकशास्त्रज्ञांनी या विषयावर काम केले आहे किंवा ज्यांचा याला विरोध आहे, त्यांनी आपल्या दैनिकात लिहावे, अशी विनंती आपल्यामार्फत करते. विरोधाची कारणेही मला वाचायची आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर